बैलाचा खांदा

आमच्या इतिहासग्रंथांत घोड्यास जे मानाचे स्थान मिळाले आहे ते बैलास मिळालेले नाही. अश्ववैद्यक सांगणारा शालिहोत्र ग्रंथकार म्हणून विख्यात झाला. त्याच्याच नावावरून घोड्यांच्या वैद्यास सालोत्री म्हणू लागले. आणि इंग्रजी अमलात १८६२ साली पुण्यास पशुवैद्यकाची शाळा निघाली, तीही लष्करासाठीच. ज्या खिल्लार बैलाच्या बळावर माणदेशची माळराने आणि कृष्णाकाठची काळी जमीन नांगरली गेली, तो दुखावला म्हणजे त्याची शुश्रूषा कशी होत असे, ही हकीकत दफ्तरांपेक्षा सातारा-सांगलीकडील शेतकऱ्याच्या गोठ्यात व सणावारांतच अधिक सापडावयाची.

बैलास होणाऱ्या इजांत खांद्याची इजा ही फार जुनी. जू वशिंडाच्या पुढे मानेवर बसते. जोडीतील एक बैल उंच व दुसरा ठेंगणा असला, गाडी पुढून जड भरली, पावसाने कातडे भिजून मऊ झाले, किंवा नवा खोंड एकदम ओझ्यास जुंपला, की त्या जागी घासून सूज येते. पहिल्या दोनतीन दिवसांत ती हातास लागली व जू उतरविले, तर थंड पाण्याची धार व विश्रांती एवढ्यानेच बहुधा ती ओसरते. तशीच जुंपणी चालू राहिली म्हणजे आत पू धरतो, किंवा पुढे अशी कठीण गाठ बनते की तिला शस्त्रावाचून उपाय उरत नाही. उघड्या जखमेवर माशी बसली की अळ्या पडतात. हळद व तेल, कडुलिंबाचा पाला, अळ्यांवर सीताफळीच्या पाल्याचा रस, हे घरगुती उपचार अगदीच निराधार होते असे म्हणता येत नाही. तापल्या लोखंडाने डाग देण्याची चाल मात्र एका दुखण्यावर दुसरे लादणारी होय. डागाने गुण आला असे जेथे सांगतात, तेथे तो गुण डागाचा नसून डागलेल्या बैलास नाइलाजाने मिळालेल्या सुटीचा असावा, असे आम्हांस वाटते!

ह्या दृष्टीने बेंदराच्या सणाकडे पाहिले पाहिजे. इकडे आषाढात बेंदूर येतो. त्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करावयाची: बैलाचा खांदा ऊन पाण्याने शेकून त्यास हळद व लोणी किंवा तूप चोळावयाचे. पंडित ह्यास कृतज्ञतेचा विधी म्हणतील, आणि तो तसा आहेही. परंतु ज्या हाताने खांदा चोळला जातो त्याच हातास कातड्याखालची गाठ प्रथम कळते. मृगापासून चाललेल्या कुळव-पाभरीच्या कामानंतर प्रत्येक बैलाचा खांदा एकदा तरी चाचपून पाहिला जावा, अशी ही तपासणी धर्माने घालून दिली होती.

खरी अडचण पुढेच आहे. खांद्याचे मुख्य औषध विश्रांती, आणि विश्रांतीइतके महाग औषध गरीब कुणब्याच्या घरी दुसरे नाही. बसलेला बैल वैरण तर खातोच, शिवाय त्याच्या जोडीचाही बैल बसतो, आणि वाफसा कोणासाठी थांबत नाही. ह्यावर गावाने काढलेली तोड म्हणजे वारंगुळा व पैरा. एकाचा एक बैल व दुसऱ्याचा एक बैल मिळून जोडी करावी, दोघांची शेते पाळीपाळीने उरकावी. आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. दुखऱ्या बैलाचे रिकामे दिवस अशा रीतीने दोन घरांत वाटले जात. जखमी बैलाचा दवाखाना कोठे असेल तर तो ह्या देवघेवीत होता. वैरणच आटली म्हणजे मात्र हीही तोड लंगडी पडे. १८७६-७७ च्या दुष्काळात ती कोणाच्या उपयोगी पडणार? त्याच माणदेशात २०१२-१३ च्या अवर्षणात म्हसवड येथे माणदेशी फाउंडेशनने जनावरांची छावणी चालविली, तेव्हा पुरवावयाचा होता तो चाराच.

सरकारने बैलाकडे लक्ष दिले ते प्रथम साथींच्या निमित्ताने. गुरांच्या साथीसंबंधी नेमलेल्या कमिशनचा अहवाल १८७१ साली झाला, १८८६ साली मुंबईस पशुवैद्यक महाविद्यालय निघाले, आणि १९८८ साली सातारा जिल्ह्यातच शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील ह्यांच्या नावाचे महाविद्यालय सुरू झाले. बुळकांडीचे तर २०११ साली जगातून उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. हा विजय लहान नव्हे. खांद्याची गोष्ट निराळी. जखमी जनावर कामास लावणे १८९० च्या कायद्याने गुन्हा ठरविले, १९६० च्या कायद्यानेही तेच सांगितले. परंतु कायद्याने जू उतरविले तरी बसलेल्या बैलाचा खर्च कोणी द्यावयाचा, हे त्यात नाही.

साखर कारखाने आले आणि हा प्रश्न शेतातून सडकेवर आला. ऊस वाहणारा गाडीवान बीडकडून किंवा जतकडून येतो, मुकादमाकडून उचल घेऊन येतो, आणि हंगामाचा एक दिवस बुडाला तर ती उचल फिटावयाची राहते. त्याचा वारंगुळ्याचा शेजारी शेकडो मैलांवर राहिलेला असतो. गाडीस रबरी चाके आली, ओझे वाढले, जू मात्र त्याच मानेवर राहिले. २०२२ साली वाळवे तालुक्यातील राजारामनगर येथील राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी ह्यावर 'सारथी' नावाची एक साधी युक्ती केली: दोन बैलांच्या मध्ये, जुवाखाली, एक लहान चाक. बैलांच्या उंचीप्रमाणे ते वरखाली करता येते, आणि मानेवर पडणाऱ्या भाराचा वाटा ते जमिनीवर उतरविते. शालिहोत्राच्या शास्त्रात बसणारे हे औषध नव्हे. सुताराच्या व लोहाराच्या कसबातले आहे. परंतु सूज येण्यापूर्वीच खांद्याचा विचार करणारे आहे, आणि गाडीवानाचा एकही दिवस न बुडविता बैलाचे ओझे थोडे हलके करणारे आहे.