डकोटाच्या माळावरील मुलांचे हिमवादळ

हिमवादळ म्हटले की शुभ्र पर्वतशिखरे डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु इतिहासात ‘मुलांचे हिमवादळ’ असे करुण नाव ज्याला पडले, ते आले सपाट, वृक्षहीन माळावर. आणि तेही एका उबदार सकाळीमागून.

अमेरिकेच्या मध्यभागातील डकोटा व नेब्रास्का हे प्रदेश तेव्हा नुकतेच वसत होते. १८६२ च्या कायद्यान्वये १६० एकर जमीन मिळते, या आशेने नॉर्वे, जर्मनी, रशिया येथून कुटुंबे तेथे आली होती. (ती भूमी मूळ रहिवाशांच्या हातून कशी गेली, हा निराळा आणि तितकाच दुःखद अध्याय होय.) लाकूड दुर्मिळ, सबब गवताच्या मुळांसह कापलेली मातीची ढेपे रचून घरे बांधीत. पुष्कळ शाळाही तशाच. जळण म्हणजे पीळ दिलेले वाळके गवत.

१२ जानेवारी १८८८, गुरुवार. कडाक्याच्या थंडीनंतर त्या सकाळी हवा इतकी निवळली की कित्येक मुले जाड कोट न घेताच शाळेत गेली. दुपारी वायव्येकडून करड्या भिंतीसारखे वादळ कोसळले. पिठाइतका बारीक बर्फ नाकातोंडात शिरू लागला. पुढे केलेला स्वतःचा हात दिसेना.

इशारा मुळीच नव्हता असे नाही. हवामानाचे काम तेव्हा लष्कराकडे असे. सेंट पॉल येथील लेफ्टनंट टॉमस वुड्रफ याने थंडीच्या लाटेचा अंदाज तारेने कळविला होता. पण तार पोचे ती रेल्वेच्या गावापर्यंत. दूरच्या शेतावर तिचा काय उपयोग? निर्णयाचा भार पडला तो शिक्षकांवर, आणि त्यांत कित्येक विशीच्या आगेमागे असलेल्या मुलीच होत्या.

नेब्रास्कातील मिरा खोऱ्यात मिनी फ्रीमन हिच्या शाळेचे छप्पर वाऱ्याने उडाले. मुलांना घेऊन ती बाहेर पडली, जवळचे शेतघर तिने गाठले, आणि सर्व मुले वाचली. तिने त्यांना दोरीने बांधून नेले, ही लोकप्रिय कथा मात्र वादग्रस्त आहे. वर्तमानपत्रांनी तिचा गौरव केला, तिच्यावर गीतही रचले गेले. प्लेनव्ह्यूजवळ लोई रॉइस हिच्यापाशी तीनच मुले होती. तिचे जळण संपले. राहते घर अगदी जवळ. तरी वाट चुकली आणि रात्र उघड्यावर काढावी लागली. तिन्ही बालके तिच्या कुशीतच गोठून गेली. ती स्वतः रांगत एका शेतघरापर्यंत पोचली. पुढे तिचे पाय कापावे लागले. एकीला वीरांगना व दुसरीला अभागिनी म्हणणे सोपे आहे. परंतु शाळेत राहणे अशक्य होताच दोघींनी केले ते एकच.

सुमारे २३५ माणसे मृत्युमुखी पडली असे मानतात. दोनच महिन्यांनी, मार्चमध्ये, दुसऱ्या हिमवादळाने न्यूयॉर्क ठप्प केले. तेथील तारा त्यानंतर जमिनीखाली नेण्यात आल्या. १८९१ मध्ये हवामानखाते लष्कराकडून कृषिखात्याकडे आले. शेतावरच्या घरापर्यंत अंदाज पोचू लागला तो पुढे ग्रामीण टपाल, दूरध्वनी आणि १९२० नंतर नभोवाणी यांच्या वाटेने.