चाल ज्याच्या कानात राहिली

कंट्री म्युझिक म्हटलं की आपल्याला रुंद काठाची हॅट आठवते. पण या संगीताचं मूळ घराणं हॅटवाल्यांचं नव्हतं. व्हर्जिनियाच्या डोंगरातले ए. पी. कार्टर, त्यांची पत्नी सारा आणि धाकट्या भावाची बायको मेबेल, या तिघांची ती ‘कार्टर फॅमिली’.

ऑगस्ट १९२७. टेनेसी-व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावी व्हिक्टर कंपनीचे राल्फ पीअर ध्वनिमुद्रणाचं सामान घेऊन आले होते. मेबेल तेव्हा आठ महिन्यांच्या गरोदर. दोन दिवसांत सहा गाणी झाली. त्या गाण्यांनी पुढचा रस्ता दाखवला तो दोन बाईमाणसांमुळे, असं मला वाटतं. सारा यांचा खडा आवाज, आणि मेबेलचा हात. जाड तारांवर अंगठ्यानं चाल काढायची, बारीक तारांवर बोटांनी ठेका धरायचा. साथीला मागं बसलेली गिटार पुढं येऊन बसली.

ए. पी. गावोगाव हिंडून जुनी गाणी गोळा करत. सोबत असे लेस्ली रिडल, एका पायानं अधू असलेला कृष्णवर्णीय गिटारवादक. ए. पी. शब्द उतरवून घेत, चाल रिडलच्या कानात राही. गाणी नोंदली गेली ती मात्र ए. पी. यांच्या नावावर. पीअर यांचा व्यवहारच तसा होता, नोंदणी केली तर स्वामित्वधन. माझंही एक गीत एकदा दुसऱ्याच्या नावानं छापलं गेलं होतं. त्यामुळे इथं मी जरा रेंगाळतो. पण ए. पी. हिंडले नसते तर त्यातली किती गाणी उरली असती, हेही विचारायला हवं.

१९३८ पासून मेक्सिकोच्या हद्दीतल्या एक्सईआरए या रेडिओ केंद्रावरून ते गाऊ लागले. अमेरिकी केंद्रांना ५० किलोवॅटची मर्यादा. याची ताकद तिच्या कितीतरी पट. चालवणारे गृहस्थ बोकडाच्या ग्रंथी माणसात बसवणारे ‘डॉक्टर’! रेडिओचे दिवसच तसे. तोवर ए. पी. आणि सारा विभक्त झाले होते. तरी गात होते एकत्रच.

१९४३ मध्ये हा मेळ मोडला. १९७० मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये तिघांचा समावेश झाला. रिडलची आठवण मेबेलनीच काढून दिली. त्यावरून गायक माइक सीगर यांनी १९६५ मध्ये त्याला शोधून काढलं आणि त्याची गाणी मुद्रित केली. ती ध्वनिमुद्रिका निघाली १९९३ मध्ये. तेव्हा रिडल हयात नव्हता.