गांजाचा तास

शनिवारी रात्री एका डॉक्टर मित्राशी गप्पा रंगल्या होत्या. मी सहज विचारलं, "कॉलेजात गांजाबद्दल काय शिकवलं रे?" तो म्हणाला, "व्यसनांच्या धड्यात अर्धं पान. संपलं." मला गंमत वाटली. कारण आपल्याच देशात, १८३९ साली, मेडिकलच्या पोरांसमोर गांजाचे रीतसर प्रयोग चालले होते!

प्रोफेसर होता विल्यम ओ'शॉनेसी. आयरिश माणूस, कलकत्ता मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. (पुढे भारतात तारयंत्राचं जाळं उभारणाराही हाच. म्हणजे आम्हा नेटवर्कवाल्यांचा खापरपणजोबा!) त्याची पद्धत बघा. आधी संस्कृत-फारसी ग्रंथ धुंडाळले, पंडितांना आणि हकिमांना विचारलं. मग जनावरं. कुत्र्याला नशा चढली, गाय-बकरीवर जवळपास काहीच परिणाम नाही. त्यानंतर पेशंट. टेस्टिंगशिवाय प्रॉडक्शनला काही नाही.

हे पाहून काही विद्यार्थ्यांनी स्वतःवरच प्रयोग सुरू केले. एक लाजाळू मुलगा दहा थेंब अर्क घेऊन चक्क राजा झाला आणि दरबाऱ्यांना हुकूम सोडू लागला. आज एथिक्स कमिटीने कॉलेज डोक्यावर घेतलं असतं, आणि ते योग्यच.

पण मला भावतं ते वेगळंच. पिसाळलेला कुत्रा चावलेल्या एका रोग्याला या औषधाने घास गिळता आला, तडफड कमी झाली. तरी तो वाचला नाही. ओ'शॉनेसीने ते तसंच लिहून ठेवलं. झटके येणारं एक तान्हं बाळ मात्र बरं झालं, तेही लिहिलं. यश आणि अपयश एकाच वहीत.

पुढे औषध विलायतेत गेलं. पण दर बाटलीची ताकद निराळी, डोस ठरेना. १९३२ मध्ये ब्रिटिश फार्माकोपियातून ते वगळलं गेलं, आणि हळूहळू पुस्तकात उरलं ते फक्त व्यसन. मग २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने लहान मुलांच्या दोन गंभीर अपस्मारांसाठी गांजातल्याच कॅनाबिडिऑलला मान्यता दिली. कलकत्त्याचा अर्क आणि हे शुद्ध औषध एक नव्हे, मान्य. पण प्रश्न तोच: झटके येणारं मूल.

गांजा चांगला की वाईट, हा वाद कट्ट्यावर ठीक आहे. डॉक्टरला मात्र कुणाला, किती आणि कधी नाही, हे माहीत हवं. पेशंटची आई एक दिवस विचारणारच. तेव्हा अर्धं पान पुरणार नाही.