नाव, नक्कल आणि मूळ वस्तू

इंदूर येथे १९६४ साली इंदूर विद्यापीठाची स्थापना झाली. १९८८ साली त्याच विद्यापीठास देवी अहिल्या विश्वविद्यालय हे नाव मिळाले. नावे दोन झाली, विद्यापीठ एकच राहिले. याच शहरातील राजवाड्याची कथा निराळी. १९८४ सालच्या आगीत वाड्याचा मागील भाग भस्मसात झाला आणि पुढे तो जुन्या धाटणीने नव्याने उभारण्यात आला. रूप तेच, बांधकाम मात्र नवे. एकीकडे जुन्याच वस्तूस दुसरे नाव लाभले. दुसरीकडे जुन्या वास्तूची प्रतिकृती झाली. हा भेद व्यवहारात सर्वांस कळतो. संगणकाच्या भाषांत मात्र तो सहज नजरेआड होतो.

संगणकाच्या स्मृतीत प्रत्येक वस्तूस जागा असते व त्या जागेस पत्ता असतो. काम सोपविताना वस्तूची नक्कल द्यावी, की नुसता पत्ता द्यावा? १९५७ साली जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलेल्या फॉरट्रान भाषेत बहुधा पत्ताच दिला जाई. त्यातून मोठा विलक्षण प्रकार घडे. दोन हा अंक एखाद्या उपकार्यक्रमाकडे सोपवावा, त्याने त्या जागी तीन लिहावे, आणि तेथून पुढे साऱ्या कार्यक्रमात दोन म्हणजे तीन ठरावेत!

नॉर्वेतील ओले-योहान डाल व क्रिस्टेन नीगोर यांनी सिम्युला ६७ या भाषेत हा धोका ओळखून दोन चिन्हे योजिली. मूल्याची नक्कल करावयाची असेल तर एक चिन्ह. नुसता निर्देश, म्हणजे मूळ वस्तूकडे दाखविलेले बोट, द्यावयाचा असेल तर दुसरे. कार्यक्रम वाचणाऱ्यास हेतू तत्काळ कळे.

पुढील अनेक भाषांनी हा विवेक सोडला. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या पायथॉनमध्ये बरोबरीचे एकच चिन्ह आहे आणि ते वस्तूची नक्कल करीत नाही; तिला केवळ आणखी एक नाव देते. समजा, शाळेतील गुणांच्या 'मूळ' यादीस 'सुधारित' असे दुसरे नाव दिले आणि फेरतपासणीनंतर 'सुधारित' यादीत एका मुलाचे गुण बदलले. 'मूळ' यादीतही ते मुकाट्याने बदलतात. पहिले गुण काय होते, हे सांगणारा पुरावा उरत नाही, आणि संगणक चूक झाल्याची सूचनाही देत नाही.

नक्कल केली तरी सावध राहावे लागते. उथळ नकलेत बाहेरची यादी नवी होते, पण तिच्या पोटातील प्रत्येक मुलाची गुणांची यादी जुनीच राहते. दप्तराला नवे बासन बांधावे आणि आतले कागद तेच असावेत, तसे. खोल नकलेत आतील कागदही नव्याने उतरविले जातात. तिला वेळ व जागा अधिक लागते, शिवाय ती सर्वत्र इष्टही नसते. मुलाचा घरचा पत्ता बदलला तर तो एकाच ठिकाणी बदलून सर्व याद्यांत दिसावा, हेच योग्य.

सारांश, निर्देश वाईट नाही व नक्कलही वाईट नाही. कोठे काय केले आहे याचे अज्ञान वाईट. मात्र जे जतन करावयाचे, त्याची स्वतंत्र प्रत हवीच. जळणाऱ्या वाड्यास शंभर नावे असली, तरी त्यांतील एकही नाव त्याची एक तुळई वाचवू शकत नाही.