काडतुसांचा कर आणि वन्यजीवांचे रक्षण

वन्य प्राण्यांच्या रक्षणाचा खर्च शिकाऱ्यांनी सोसावा, ही गोष्ट प्रथमदर्शनी विपरीत वाटेल. परंतु अमेरिकेत नेमके हेच घडले. 1930 नंतरच्या अवर्षणात तेथील पाणथळ जागा आटल्या व रानबदकांचे थवे विरळ झाले. तेव्हा 1934 साली बदकांच्या शिकाऱ्यांना एक डॉलरचे तिकीट घेणे सक्तीचे झाले. पहिल्या तिकिटावरील चित्र जे. एन. डार्लिंग या व्यंगचित्रकाराने काढले होते.

पुढे 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका व काडतुसे यांवरील कराचे उत्पन्न याच कार्यासाठी राखून ठेवले. मंजूर योजनेच्या खर्चाचे तीन हिस्से केंद्राने द्यावयाचे, एक हिस्सा राज्याने. मात्र एक अट होती: शिकारीच्या परवान्यांचे शुल्क राज्याने अन्य कामाकडे वळवावयाचे नाही. तत्पूर्वी अनेक ठिकाणी तो पैसा भलतीकडेच खर्च होत असे. 1950 साली हौशी मासेमारांच्या गळ-काठ्यांवरील करातून मत्स्यरक्षणासाठीही अशीच तरतूद झाली.

अनुदानाने जमिनी घेतल्या गेल्या, संशोधन झाले, हरणे व रानटर्की पुन्हा वाढली. पण त्या अटीवाचून हा पैसा रानापर्यंत पोचला असता काय, याचा विचार आपणही करावा.