अर्ध्या एकराची वेस

गावाला वेस असते आणि वेशीबाहेर आपली वस्ती असते, हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. परंतु वेस दगडामातीचीच असते असे नाही. ती कायद्याच्या कलमातही असते. अमेरिकेतील घरांचा इतिहास याची साक्ष देतो.

कृष्णवर्णीयांनी कुठे राहावे आणि गोऱ्यांनी कुठे, याचा उघड कायदा बाल्टिमोर शहराने १९१० साली केला. लुईव्हिल शहराचा असाच कायदा तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९१७ साली रद्द ठरविला. मग वंशाचे नाव गळले आणि जमिनीच्या वापराचे नियम पुढे आले. १९२६ च्या युक्लिड खटल्यात त्याच न्यायालयाने अशा नियमांना मान्यता दिली. स्वतंत्र बंगल्यांच्या भागात उभ्या राहणाऱ्या अनेक बिऱ्हाडांच्या इमारतीला निकालपत्रात चक्क बांडगूळ म्हटले आहे!

न्यू जर्सी राज्यातील माउंट लॉरेल गावात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली कृष्णवर्णीय कुटुंबे होती. त्यांतील काही तर कोंबड्यांच्या खुराड्यांची घरे करून राहत. एथेल लॉरेन्स आणि त्यांच्या सोबत्यांनी गरिबांसाठी ३६ घरे बांधण्याचे ठरविले. गावाने परवानगी नाकारली. १९७० साली महापौरांनी या वस्तीच्या चर्चमध्ये येऊन सुनावले, की ज्यांना इथे राहणे परवडत नाही त्यांनी गाव सोडावे.

गावाचे नियम पाहा. बिऱ्हाडांच्या इमारती बांधायच्या नाहीत. मोठ्या भागात सुमारे अर्ध्या एकराच्या भूखंडावर एकच घर. जिथे अपवाद केला, तिथे झोपण्याच्या खोल्यांवर मर्यादा घातली, म्हणजे शाळेत जाणारी पोरे येऊ नयेत. वंशाचा उल्लेख कुठेही नाही. त्याची गरजच काय होती?

लॉरेन्सबाई कोर्टात गेल्या. गावाने सांडपाण्याचे व पर्यावरणाचे कारण पुढे केले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली ते फेटाळले आणि गरिबांच्या घरांना वाव देणे हे गावाचे कर्तव्य ठरविले. १९८३ साली पुन्हा निकाल द्यावा लागला. १९९४ साली लॉरेन्सबाई वारल्या. त्यांच्या नावाच्या वसाहतीत पहिले भाडेकरू राहायला आले ते २००० साली. पुढे डग्लस मॅसी व सहकाऱ्यांनी तिचा अभ्यास करून २०१३ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. गुन्हे वाढले नाहीत, शेजारच्या घरांच्या किमती पडल्या नाहीत, करही चढले नाहीत. तीस वर्षे ज्या भीतीपायी माणसे अडवली, ती भीतीच खोटी होती.

पर्यावरणाचे कारण तर उलटेच आहे. विखुरलेल्या बंगल्यांना प्रत्येक कामासाठी मोटार लागते. दाट वस्तीत बस आणि पायवाट पुरते. हवा तापवणारा धूर कुणाचा अधिक, हे वेगळे सांगायला नको.

मात्र प्रत्येक ‘नको’ सारखा नसतो. १९५० व ६० च्या दशकांत शहरसुधारणेच्या नावाखाली तिथे कृष्णवर्णीयांच्या वस्त्या पाडून हमरस्ते काढले. त्यांचा ‘नको’ बुलडोझरपुढे उभ्या राहिलेल्या माणसाचा होता. माउंट लॉरेलचा ‘नको’ दाराला कडी लावणाऱ्याचा होता.

आपल्याकडेही कडी आहेच. सहकारी गृहसंस्थेने सभासदत्व एकाच समाजापुरते ठेवले तरी चालते, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली म्हटले. तेव्हा ‘इथे नको’ असे कुणी म्हणाला, की आधी एवढेच पाहावे: तो वेशीच्या आत उभा आहे की बाहेर?