शब्दार्थ आणि गणकयंत्र : केंब्रिज-परंपरेचा एक विचार

गणकयंत्राला अर्थ कळतो असे म्हणताना ‘अर्थ’ या पदाने काय अभिप्रेत असते, हा प्रश्न केवळ यंत्रशास्त्राचा नाही. त्याचा एक धागा तत्त्वज्ञानाच्या वर्गापर्यंत मागे जातो.

१९३३-३४ मध्ये लुडविग विट्गेनश्टाइन यांनी केंब्रिज येथे काही विद्यार्थ्यांना टिपणे सांगितली; तीच पुढे ‘ब्लू बुक’ या नावाने प्रसिद्धीस आली. अर्थ म्हणजे शब्दाने दर्शविलेली वस्तू नव्हे, मनातील प्रतिमाही नव्हे. तो शब्दाच्या वापरात शोधावा, असा त्यांचा रोख होता. त्या विद्यार्थ्यांत मार्गारेट मास्टरमन या होत्या.

जानेवारी १९५४ मध्ये न्यूयॉर्क येथे रशियन वाक्यांच्या यांत्रिक भाषांतराचे प्रात्यक्षिक झाले. २५० शब्दांचा कोश आणि ६ नियम एवढीच त्याची सामग्री होती. मास्टरमन यांनी स्थापिलेल्या केंब्रिज लँग्वेज रिसर्च युनिटने मात्र निराळी वाट धरली. रॉजे यांच्या १८५२ च्या पर्यायकोशाच्या धर्तीवर शब्दांचे अर्थवर्ग पाडावयाचे, आणि वाक्यातील शब्दांना जे वर्ग समान असतील त्यांवरून इष्ट अर्थ निवडावयाचा, ही ती पद्धती. मराठीत सांगावयाचे तर, ‘कर’ या शब्दाशेजारी ‘महसूल’ आला की ‘हात’ हा अर्थ आपोआप मागे पडतो.

१९६० मध्ये यहोशुआ बार-हिलेल यांनी यांत्रिक भाषांतरावर मूलगामी आक्षेप घेतला. इंग्रजीत ‘पेन’ म्हणजे लेखणी, तसेच तान्ह्या मुलाला खेळावयास ठेवण्याचे कुंपणही. खेळण्यांची पेटी ‘पेन’मध्ये होती, या वाक्याचा अर्थ माणसाला चटकन लागतो, कारण पेटी लेखणीत मावत नाही, हे त्याला ठाऊक असते. हे ज्ञान कोशातून यंत्राला कसे मिळावे?

तरीही शब्दांच्या सहवासाचा विचार लोपला नाही. याच युनिटमधील कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये शब्दाच्या विरळतेवरून त्याचे महत्त्व मोजण्याची रीत मांडली. ग्रंथशोधनात ती रूढ झाली. २०१३ च्या ‘वर्ड-टू-वेक’ पद्धतीत तर प्रत्येक शब्द शेजारशब्दांवरून काढलेल्या संख्यांच्या मालिकेने दर्शविला गेला.

येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. विट्गेनश्टाइन यांच्या १९५३ च्या ग्रंथात गवंडी एक शब्द उच्चारतो आणि मदतनीस तो दगड आणून देतो. तेथे वापर म्हणजे शब्दांचा शेजार नव्हे, तर कृतीने भरलेला व्यवहार आहे. उपरोक्त पद्धतींनी वापराचे शब्दगत अंग तेवढे घेतले, कृतिगत अंग बाहेर राहिले; बार-हिलेल यांचा आक्षेप याच उणिवेवर बोट ठेवतो. म्हणूनच यंत्राच्या अर्थज्ञानाविषयी निर्णय देण्यापूर्वी ‘वापर’ हे पद कोणत्या अर्थाने योजिले आहे, हे प्रथम ठरविणे अगत्याचे आहे.